शहाबादी फरशीवरचा नकाशा

"आपल्या कारखान्यात त्या काळी संगणकाच्या कामावर एक विक्षिप्त गृहस्थ होते. बारदानाच्या गोदामात ते फरशीवर खडूने चौकोन आखत बसत आणि कोणी त्यावर पाय दिला की अंगावर धावून जात. शेतकी कार्यालय आणि वजनकाटा येथील दोन संगणकांची जोडणी त्यांच्याकडून काही झाली नाही. अखेर पुण्याहून आलेल्या दोन तज्ज्ञांनी ती एका दिवसात करून दिली."

आमच्या सहकारी साखर कारखान्याने अलीकडे जी जाडजूड स्मरणिका काढली, तीत ही चार वाक्ये छापली आहेत. लिहिणारे गृहस्थ कारखान्याचे माजी कार्यालय अधीक्षक. पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. ते विक्षिप्त होतेच. दुसरे वाक्य निम्मे खरे आहे. चौकोन ते आखत, परंतु आयुष्यात कोणाच्या अंगावर धावून गेले नाहीत. "सरका" एवढेच म्हणत आणि समोरचा सरकेपर्यंत तिथेच उभे राहत. तिसरे वाक्य खोटे आहे. चौथे वाक्य कोणत्या जातीचे आहे ते वाचकांनी हा लेख पुरता वाचून ठरवावे.

मी त्या वर्षी काट्यावर यार्ड सुपरवायझर होतो. अधीक्षकसाहेबांनी त्या गोदामात कधी पाऊल ठेवलेले मी पाहिले नाही. मी मात्र त्या फरशीवर दोन महिने वावरलो आहे, तेही कडेकडेने, कारण मधून चालायला परवानगी नव्हती. वय ब्याऐंशी झाले असले तरी स्मरण शाबूत आहे आणि भांडायची हौसही.

आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणत असू. गाव मुरुमकडचे. घर बौद्ध, वडील मोजणी खात्यात साखळी धरणारे. सर स्वतः औरंगाबादला शिकले, हैदराबादेत एका कंपनीत यंत्रांवर काम केले आणि मग कोणालाही न उलगडलेल्या कारणाने आमच्या परंड्याकडच्या माळावर नोकरीला आले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू. भाकरी उभ्याने खात. मोजायला सुरुवात शून्यापासून करीत, आणि हे त्यांनी यंत्रापुरते ठेवले नव्हते. कँटीनमध्ये चहा आला की "हा शून्यावा कप" म्हणायचे. तिसऱ्या रांगेतली सायकल आणायला सांगितली की शिपाई दुसऱ्याचीच सायकल घेऊन यायचा, आणि सर शांतपणे म्हणायचे, "तू एकापासून मोजलंस."

कारखान्याने संगणक खात्यासाठी पंखा, पडदे आणि गुळगुळीत टाइल्स असलेली चांगली खोली काढून ठेवली होती. सरांनी ती पाहिली, फरशी मोजली आणि नाकारली. मग ते आवारातल्या प्रत्येक इमारतीत जाऊन खाली मान घालून फिरले. शेवटी रिकाम्या पोत्यांच्या जुन्या गोदामात उभे राहून म्हणाले, "हे द्या." गोदामात तागाचा वास, झरोका एकच, उंदीर पुष्कळ. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "सोळा उभ्या, सोळा आडव्या. अशी फरशी दुसरीकडं नाही."

हा वेडेपणा आहे असे मीही समजत होतो. आता जे त्यांच्या वेडाच्या गोष्टी परंड्याच्या एस.टी. स्टँडवर चहाबरोबर सांगतात, त्यांना मी एवढेच सांगेन की त्या वेडाचा अर्थ मी शिकलो आणि तुम्ही शिकला नाहीत. शहाबादी फरशीची एक लादी म्हणजे यंत्राच्या स्मरणशक्तीचे, त्यांच्या शब्दांत मेमरीचे, एक पान. सोळा सोळे दोनशे छप्पन्न पाने, म्हणजे यंत्राची पहिली मेमरी जशीच्या तशी जमिनीवर अंथरलेली. पहिल्या दहा ओळी यंत्राच्या रोजच्या कामाच्या, पुढच्या दोन पडद्याच्या, त्यानंतरच्या बाहेरून बसवलेल्या कार्डांसाठी मोकळ्या, आणि शेवटची ओळ यंत्राला जन्मतः आलेल्या सूचनांची. उरलेली मेमरी कुठे, असे मी एकदा विचारले. "व्हरांड्यात," सर म्हणाले, "आणि तिथून पुढं अंगणात. पण आपलं भांडण घरातच आहे."

भांडण कशाचे होते तेही सांगतो. शेतकी कार्यालयात एक यंत्र, काट्यावर दुसरे. दोन्हींवर युनिक्स नावाची कार्यप्रणाली. कोणाच्या उसाची पाळी कधी, हे शेतकी खात्याने ठरवायचे आणि तो नंबर तारेवरून काट्यावरच्या पडद्यावर यायचा; तो पाहून मी कर्ण्यावर पुकारायचा आणि त्या नंबरची बैलगाडी काट्यावर चढायची. पूर्वी हे नंबर सायकलवरून चिठ्ठीने येत, आणि चिठ्ठी वाटेत कोणाच्या वशिल्याने बदलते यावरून दर हंगामात डोकी फुटत. ते थांबावे म्हणून ही तार. तार जिथे यंत्राला मिळते तिथे एक नेटवर्क कार्ड असते. ते कार्ड आलेला निरोप स्वतःपाशी लिहून ठेवते आणि यंत्राने तो तिथून वाचायचा असतो. यंत्राला तो कसा वाचायचा हे शिकवणारा जो मजकूर, त्याचे नाव ड्रायव्हर. कंपनीने कार्डे दिली. युनिक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही. दुसऱ्याच प्रणालीसाठी लिहिलेला एक नमुना दिला आणि वर सांगितले, "यावरून करून घ्या, सोपं आहे."

कार्डाची जागा फरशीवर चार लाद्यांची होती. आपल्या मोजणीने चौदाव्या ओळीत, सरांच्या मोजणीने तेराव्या, डावीकडून पहिल्या चार. त्यांभोवती त्यांनी खडूची दुहेरी रेघ मारली होती.

संचालक मंडळ पाहणीला आले तो दिवस मला विसरता येणार नाही. चेअरमनसाहेब पुढे, मागे संचालक, त्यांच्यामागे मी. साहेब थेट गोदामाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले.

"साहेब, जरा सरका," सर म्हणाले. "तुम्ही कर्नलवर उभे आहात."

"कुणावर?"

"कर्नल. यंत्राचा मुख्य कारभारी. त्याच्या जागेत दुसऱ्या कुणी पाय घातला की सगळं बंद पडतं."

"हितला मुख्य कारभारी मी हाय," चेअरमन म्हणाले.

"व्हय. भायेर," सर म्हणाले. "या फरशीवर न्हाय."

संचालकांपैकी एकाला खोकल्याची उबळ आली. चेअरमनसाहेब सरकले, तेही कार्डाच्या लाद्यांना वळसा घालून, याचा साक्षीदार मी आहे. बाहेर पडल्यावर मात्र ते मला म्हणाले, "सुपरवायझर, ह्या माणसावर नजर ठिवा."

मी ठेवली. कोणी अंधभक्त म्हणायच्या आत कबूल करतो, सरांविरुद्ध पहिली लेखी तक्रार माझी होती. कामाच्या वेळेत फरशीवर रेघोट्या मारतात, यंत्र वारंवार बंद पाडतात, यार्डात गाड्या खोळंबतात, असे मी स्वहस्ते लिहून दिले होते. आणि यंत्र बंद पडत होते हे खरेच होते. कंपनीच्या नमुन्याप्रमाणे लिहिलेला ड्रायव्हर चालू केला की पडद्यावर घाबरगुंडीचा एक इंग्रजी शब्द उमटायचा आणि यंत्र जागच्या जागी गोठायचे. दर वेळी ड्रायव्हर बदलून कर्नलची पुन्हा बांधणी, पुन्हा सुरुवात.

तक्रार गेल्याचे त्यांना कळले होते. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोदामाच्या कडेला बसवले आणि विचारले, "सुपरवायझर, तुमच्या रानाचा नंबर काय?"

"जुना का नवा?" मी विचारले.

त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! तुम्हाला शाळेत कुणी शिकवलं न्हाय, तरी तुम्ही हे आधी विचारलं. कंपनीच्या नमुन्यात हेच विचारलेलं न्हाय."

आमच्या भागातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. एकत्रीकरणाच्या योजनेत तुकडे जोडले गेले, जुने सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. रान तेच, बांधावरची बोरही तीच, पण कागदावर नंबर दुसरा. जुना नंबर घेऊन तलाठ्याकडे गेलात तर तो दुसऱ्याच्याच रानाचा उतारा हातात देणार, नाहीतर असा नंबरच नाही म्हणणार. त्यासाठी जुन्याचा आणि नव्याचा मेळ घालणारा तक्ता असतो. सरांच्या म्हणण्याप्रमाणे युनिक्समध्ये हे एकत्रीकरण कायमचेच झालेले असते. कार्डाची जागा तारेच्या आणि पत्र्याच्या जगात तेराव्या ओळीत असेल. पण यंत्र चालू झाले की कर्नल स्वतःचे नवे नंबर पाडतो आणि त्याच नंबरांनी वागतो. कार्डाचा जुना नंबर थेट उच्चारला की कर्नल म्हणतो, हे रान माझ्या दप्तरी नाही, आणि घाबरतो. म्हणून ड्रायव्हरने आधी अदबीने विचारायचे: ही चार पाने, यांचा जुना नंबर हा, तुझ्या तक्त्यात यांना नवा नंबर दे. तो मिळाला की त्याच नंबराने वाचायचे.

"आमच्या बाबांनी जन्मभर साखळी ओढली," ते म्हणाले. "ते म्हणायचे, नंबर खोटा नसतो, तो कुणी दिला ते विचारावं."

त्या आठवड्यात पहिला नंबर तारेवरून काट्यावर आला. मी तो कर्ण्यावर पुकारला आणि गाडी चढली. यार्डातल्या कोणाला काही विशेष घडल्याचे समजलेही नाही. सर गोदामातून चालत आले, पडदा पाहिला, "शून्यावा आला," म्हणाले आणि परत गेले. अधीक्षकसाहेबांनी ही तारीख विचारली असती तर मी सांगितली असती. त्यांनी विचारली नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. वाकडी झाली ती दुष्काळामुळे. त्या वर्षी विहिरी लवकर आटल्या. जो तो आपला ऊस वाळायच्या आत तोडून कारखान्याला आणू लागला. यार्डात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. आणि मग नंबर हरवू लागले. एखादी गाडी उभीच राहायची. तिचा नंबर पुकारलाच जायचा नाही, मागचे मात्र पुढे निघून जायचे. उसाच्या मोळ्या उन्हात वाळायच्या आणि बैलांना तर प्यायला पाणीच नव्हते. वशिल्याची जुनी बोंब पुन्हा उठली. या वेळी नाव सरांचे. यंत्राच्या आत बसून आपल्या माणसांच्या गाड्या पुढे काढतात, असे कँटीनमध्ये बोलले जाऊ लागले. ती 'आपली माणसे' कोणती, हे बोलणारे डोळ्यांनी सांगत, तोंडाने नाही. मंडळाने ठराव केला: पुढच्या सभेपर्यंत हे नीट न झाल्यास यंत्र उचलावे, चिठ्ठ्या सुरू कराव्यात आणि सदर गृहस्थांना कामावरून कमी करावे. वशिल्याचा डाग घेऊन जायचे की स्वच्छ नावाने राहायचे, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे उरला.

सर ठरावाची प्रत वाचून म्हणाले, "मुदत पुरेशी आहे. पण नंबर हरवतो कसा? तारेवर निघालेला नंबर जाणार कुठं?" चार दिवस ते तार तपासत होते. तार निर्दोष होती.

उत्तर आणले ते रुक्मिणबाईंनी. पन्नाशीच्या विधवा, दोन एकर ऊस, गाडी स्वतः हाकत. भर दुपारी त्या काट्यावर आल्या आणि मला म्हणाल्या, "सायेब, कालपस्न हुबी हाय म्या. बैलांनी पान्याचं तोंड बगितलं न्हाय. माजा नंबर कुटं गेला?"

"कोणता?"

"तीनशे अठरा."

मी पडदा पाहिला. तीनशे साठच्या पुढे गेला होता. "बाई, तो होऊन गेला असंल. तुम्ही जागेवर नसाल."

"म्या जागंवर न्हवते?" बाईंनी पदर खोचला. "बैल सोडून म्या कुटं जानार, तुमच्या बंगल्यावर जेवाया?"

यार्डातले हसले. सर तिथेच तार पाहत बसले होते. ते उठून आले. "मावशी, तुमच्या आधीचा नंबर कुणाचा होता?"

"सतराचा. माज्या म्होरंच गाडी व्हती त्याची. त्याचा नंबर तर ह्या सायबानं दोनदा वरडला."

"दोनदा?"

"दोनदा. तो काट्यावर चढला तरी पुन्ना तीनशे सतरा, तीनशे सतरा. आमी म्हनलं, सायबाला ऊन लागलं."

पुन्हा हशा. मी चिडून म्हणालो, "पडद्यावर आलं ते ओरडलो! मी काय मनानं नंबर करतो का?"

सर मटकन तिथेच मातीत बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पडद्यावर दोनदा आलं? सुपरवायझर, हे तुम्ही मला सांगितलं न्हाय."

"तुम्ही हरवलेल्या नंबरांबद्दल विचारत होता. दोनदा आलेल्यांबद्दल विचारलं न्हाय."

"व्हय, माझीच चूक," ते म्हणाले. "नंबर हरवत न्हाय. त्याच्या जागी मागचा वाचला जातो. यंत्र खोटं बोलत न्हाय, सुपरवायझर. जुनं बोलतंय."

मग ते उठले, गोदामातला पिण्याच्या पाण्याचा माठ खांद्यावर घेऊन आले आणि रुक्मिणबाईंच्या बैलांपुढे घमेल्यात ओतला. त्या दिवशी संगणक खात्याला प्यायला पाणी उरले नाही. "आधी ही गाडी घ्या," ते मला म्हणाले. नियमाप्रमाणे पुढे गेलेला नंबर मागे घेता येत नव्हता. मी घेतला.

यंत्र जुने का बोलत होते, तेही सरांच्याच भाषेत सांगतो. तलाठी दर वेळी रानात जाऊन पीक पाहत नाही. एकदा पाहिलेले दप्तरात नकलून ठेवतो आणि पुन्हा विचारले की दप्तर उघडतो. आमचे यंत्रही, वेळ वाचावा म्हणून, नुकतेच वाचलेले पान हाताशी नकलून ठेवी. स्वतःच्या मेमरीसाठी हे ठीक, कारण तिथे ते स्वतःच लिहिते. परंतु कार्डाच्या चार पानांवर लिहिणारा परका. तो तारेवरून येतो, लिहितो, निघून जातो. यंत्राला पत्ताही नसतो, ते आपले दप्तरातली नक्कल वाचून मोकळे. गाड्या सावकाश येत तोवर मधल्या कामांच्या गर्दीत ती नक्कल पुसली जाई आणि चूक दिसत नसे. दुष्काळाने रांग लांबली, नंबर एकापाठोपाठ आले आणि नक्कल उघडी पडली.

आता या चार पानांची नक्कल ठेवू नकोस, असे यंत्राला सांगायचे कसे? यंत्राच्या पुस्तकात त्याबद्दल एक अक्षर नव्हते. कंपनीला तार केली; उत्तर आले की अशी तक्रार अन्य कोठून आलेली नाही. सरांनी ते उत्तर घडी घालून झरोक्याच्या फटीत कोंबले, तिथून उंदीर येई.

त्यानंतर त्यांनी जे केले ते स्मरणिकेत नाही, कारण ते पाहायला गच्चीवर चढावे लागले असते. एका एका नंबराने ते यंत्राला विचारत गेले: इथे कोणी आहे का? इथे? बहुतेक ठिकाणी कोणी नव्हते. चौथ्या दिवशी खूप वरच्या, व्हरांडा आणि अंगण ओलांडून कुठल्या कुठे गेलेल्या नंबरावरून उत्तर आले, आणि उत्तर देणारी पाने कार्डाचीच होती! त्याच चार लाद्या, पण दुसऱ्या रस्त्याने गाठलेल्या. रानाला खालचा रस्ता होता तसा वरचाही होता, आणि वरच्या रस्त्याने आलेल्याची नक्कल यंत्र ठेवत नव्हते. यंत्र बनवणाऱ्यांनी ही सोय करून ठेवली होती आणि पुस्तकात लिहायला ते विसरले होते.

"वरचा पत्ता वरच काढला पाहिजे," सर म्हणाले आणि खडू घेऊन गोदामाच्या स्लॅबवर चढले. स्लॅबमधल्या एका भोकातून त्यांनी सोडलेला ओळंबा खाली धरून मी उभा, आणि ते तिथून माप घेत खालच्या चार लाद्यांच्या नेमके माथ्यावर चार चौकोन आखत होते. भर उन्हात हे तासभर चालले. मी खालून ओरडलो, "सर, चौकोन तर यंत्राच्या आत आहेत. वर चार बोटं इकडं तिकडं झालं तर काय बिघडतं?"

वरून आवाज आला, "चुकीच्या जागी काढलं तर मी चुकीचं ध्यानात ठेवीन."

पाऊस नाही, तळे आटलेले, आणि एक माणूस गच्चीवर ओळंबा सोडून चौकोन आखतो आहे. गावाने त्याचा अर्थ गावाप्रमाणेच लावला. संध्याकाळपर्यंत वस्तीवरच्या पाच-सहा बाया हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. पावसासाठी यंत्र मांडले आहे असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. सरांना असल्या गोष्टींचा मनस्वी तिटकारा. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो सोडला तर त्यांनी कशापुढे हात जोडल्याचे मला माहीत नाही. मला वाटले, आता ते चिडणार. पण त्यांनी त्या बायांना गोदामात कडेकडेने उभे केले आणि फरशी दाखवून म्हणाले, "आयांनो, हा गावचा नकाशा आहे तसा ह्या मशिनीचा. पाऊस हिच्या हातात न्हाय. पण तुमची गाडी यार्डात विनाकारण उभी राहणार न्हाय, एवढं हिच्या हातात आहे. नारळ घरी न्या, पोरांना द्या." एका म्हातारीने तरीही जाता जाता चौदाव्या ओळीतल्या पहिल्या लादीवर चिमूटभर हळद टाकलीच. ती फडक्याने पुसता पुसता सर म्हणाले, "हळदीनं पत्ता बदलत न्हाय, सुपरवायझर. खडूनं पण बदलत न्हाय. मला दिसावा म्हणून फक्त."

ड्रायव्हरमध्ये बदल झाला तो एका ओळीत, एका आकड्याचा. जो जुना नंबर दाखवून कर्नलकडे नवा मागायचा, तिथे खालच्या रस्त्याऐवजी वरचा नंबर लिहिला. बस्स. कर्नल पुन्हा बांधला, यंत्र बंद करून चालू केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी चाचणी ठेवली. यार्ड रिकामे करवून घेतले. शेतकी कार्यालयातून शक्य तितक्या घाईने दोनशे नंबर सोडायचे आणि मी एकेक कर्ण्यावर पुकारायचा, असे ठरले. समोर एक गाडी नाही, एक बैल नाही, आणि मी ओरडतो आहे, "एक्याऐंशी! ब्याऐंशी! त्र्याऐंशी!" कुंपणाबाहेर माणसे जमली. कोणीतरी म्हणाले, "सरांचं वेड सुपरवायझरला लागलं." लागू द्या, मी मनात म्हटले. कारण दोनशेच्या दोनशे नंबर आले. एकही दोनदा आला नाही, एकही गळला नाही. शेवटचा पुकारला तेव्हा माझा घसा बसला होता, आणि सर काट्याच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत शून्यापासून मोजत होते.

मंडळाच्या सभेला ते गेले नाहीत. "मला बोलता येत न्हाय, तुम्ही जा," म्हणाले. मी गेलो, माझी तक्रार लेखी मागे घेतली आणि दोनशे नंबरांचा कागद टेबलावर ठेवला. रुक्मिणबाईंनाही मी सोबत नेले होते. नंबर दोनदा कसा पुकारला गेला ते त्यांनी चेअरमनसाहेबांना माझी नक्कल करून दाखवले, आणि त्यानंतर वशिल्याचा विषय कोणी काढला नाही. ठराव मागे घेतला गेला. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे त्या वर्षी फार दिवस नाही, परंतु तोपर्यंत, यार्डात एकही गाडी नंबर हरवून उभी राहिली नाही.

पुढे दोन वर्षांनी कारखान्याने यंत्रे बदलली. सरांनी राजीनामा दिला, जाताना गोदाम स्वतः पाण्याने धुऊन दिले आणि मुरुमकडे गेले. मी दोनदा भेटायला गेलो होतो. दाराच्या चौकटीवर नावाची पाटी नव्हती. घराचा गट नंबर तेवढा रंगवलेला होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत जुना सर्व्हे नंबर.

आता त्या पुण्याच्या तज्ज्ञांविषयी. ते आले होते, हे मी नाकारत नाही. सरांचे काम पुरे होऊन तीन आठवडे झाल्यावर, कंपनीला काम पूर्ण झाल्याचा दाखला हवा होता म्हणून ते आले. हारतुरे झाले, फोटो झाला, दाखल्यावर सह्या झाल्या. अधीक्षकसाहेबांनी तो दाखला पाहिला असेल. त्यावर जोडणीच्या पुढे त्या दोघांचीच नावे आहेत. ड्रायव्हर, कर्नल, वरचा रस्ता, ही सगळी माझी बडबड आहे, मला त्यातले कळत नाही, असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी खुशाल म्हणावे. त्यांच्याशी मी पत्त्यांवरून आणि पानांवरून वाद घालणार नाही. त्यांनी फाटकावरचे रजिस्टर पाहावे. त्या दोघांच्या जीपची कारखान्यात एकच नोंद आहे: आत सकाळी साडेदहा, बाहेर दुपारी चार. आणि त्याच तारखेचे वीजघराचे रजिस्टर पाहावे. बॉयलरला पाणी नव्हते म्हणून टर्बाइन बंद होते, बोर्डाची लाइन पहाटेपासून गेलेली होती आणि डिझेलचा जनरेटर टँकर भरायच्या विहिरीवर नेलेला होता. त्या दिवशी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत कारखान्यात वीज नव्हती.